बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन: जातं कुठे, करतं काय?

मेथीआंबा

मंडळी, डोक्याला भुंगा लागलाय. नणंदेला तिसावा आठवडा चालू आहे. मध्यंतरी अचानक कळा सुरू झाल्या म्हणून ॲडमिट केलं होतं. डॉक्टरांनी कळा थांबवायचं औषध दिलंच, शिवाय डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची चार इंजेक्शनं, दर बारा तासांनी एक. "बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला" एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. आता ती घरी आहे, बाळ आत मजेत आहे, त्यामुळे सल्ला नकोय.

प्रश्न वेगळा आहे. इंजेक्शन आईला, औषध रक्तात, तिथून वारेतून बाळाकडे. इथवर कळलं. पण दोन दिवसांत फुप्फुस "पक्कं" होतं म्हणजे त्यात बदलतं काय? स्टिरॉइड हे काही फुप्फुसाचं खाद्य नाही. मी कॉमर्सवाली. गुगलून पाहिलं तर जिथे तिथे एकच ओळ, "जनुकांना चालना देते". चालना देते म्हणजे नेमकं कशाला हात लावते? आमच्या फॅमिली ग्रुपवर विचारलं तर तुपातल्या खारका खायला सांगितल्या. इथे डॉक्टर आणि शास्त्रवाले बरेच आहेत म्हणून धागा काढतेय. लांबलचक लिहिलंत तरी वाचेन.

एरंडोलकर

आमच्या वेळी नव्हती असली इंजेक्शनं. सातव्या महिन्यातली मुलं जगायचीच की. आठव्यातलं मात्र जगत नाही, हे आमची आजी छातीठोकपणे सांगायची. आता पेशंट दिसला की टोच स्टिरॉइड.

पाणचट

काका, आजींचा डेटा पाठवा, पेपर छापू. :)

(कोपऱ्यात जागा धरून बसलोय. चालू द्या.)

निओकाका

मेथीआंबा ताई, प्रश्न आवडला. आमच्या एनआयसीयूतले (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) रेसिडेंटसुद्धा इतक्या खोलात जाऊन विचारत नाहीत. डीएनएचं कुणीतरी जाणकार सांगेलच, मी फुप्फुसाच्या बाजूने सुरुवात करतो.

आधी एरंडोलकर साहेबांचं. सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, ही समजूत तुमच्या आजींच्याही फार आधीची, प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही ती आहे. पण वस्तुस्थिती सरळ आहे. पोटात घालवलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या पथ्यावर पडतो आणि बत्तिसाव्या आठवड्याचं बाळ अठ्ठाविसाव्यापेक्षा केव्हाही जास्त सुरक्षित. याचं मोठं कारण फुप्फुस.

श्वास ज्या बारीक पिशव्यांत भरतो त्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठताण त्या पिशवीला मिटवायला बघतो. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू चिकटल्या की उघडताना कसा जोर लागतो, तसा जोर या बाळांना दर श्वासाला लावावा लागतो. छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, बाळ कण्हतं, आणि काही तासांत दमतं. हा ताण मोडणारा पदार्थ म्हणजे सरफॅक्टंट. बहुतांश स्निग्ध पदार्थ आणि थोडी प्रथिनं. तो फुप्फुसातल्या टाइप २ पेशी बनवतात. साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास त्या कामाला लागतात, पण पुरेसा साठा चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत होत नाही.

हे १९५९ साली कळलं. बॉस्टनमध्ये मेरी एलेन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांचा अर्क तपासला आणि त्यात ताण कमी करणारा पदार्थच नाही असं दाखवलं. तोवर या आजाराचं नाव "हायलाइन मेंब्रेन डिसीज", म्हणजे पिशव्यांत जे गुलाबी पटल दिसायचं त्यालाच लोक कारण समजत. कारण कळलं तरी उपाय नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत गेला. राष्ट्राध्यक्षाच्या मुलासाठीही काही करता येत नव्हतं. आज तेवढ्या वजनाचं बाळ आमच्याकडे आलं तर आम्ही फार काळजीही करत नाही.

उपाय निघाला न्यूझीलंडमध्ये, आणि तोही भलतंच शोधताना. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमध्ये बाळंतपण कशाने सुरू होतं हे शोधत होते. कोकरांना पोटातच स्टिरॉइड दिलं, ती फार लवकर जन्मली. त्यातलं एक कोकरू जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. नंतर फुप्फुसं उघडून पाहिली तर त्यांत हवा भरलेली. मग लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हावी यांनी २८२ मातांवर चाचणी केली, ती १९७२ साली छापून आली. श्वासाचा आजार स्टिरॉइड न दिलेल्यांत २५.८ टक्के, दिलेल्यांत ९ टक्के. एवढं स्पष्ट दिसूनही अमेरिकेत ते सरसकट द्या असं अधिकृतपणे म्हणायला १९९४ उजाडलं. बावीस वर्षं! याचा मला अजूनही राग येतो.

कोकणकडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). डॉक्टर, मस्त. पण मुळात फुप्फुस तयार कसं होतं? पोटात बाळ पाण्यात असतं, मग तिथे फुप्फुसाचं काय काम?

फांदीवाली

हा माझा प्रांत, उंदरांच्या भ्रूणांची फुप्फुसं बघण्यात माझा दिवस जातो, म्हणून घुसते.

माणसात चौथ्या आठवड्यात, म्हणजे कित्येकींना दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं तेव्हा, अन्ननलिकेच्या पुढच्या बाजूला एक छोटा फुगवटा येतो. फुप्फुस आतड्याच्याच नळीतून फुटतं. जिथे फुटायचं त्या पट्ट्यातल्या पेशींमध्ये एनकेएक्स२-१ नावाचं प्रथिन आधीच दिसू लागतं. फुगवट्याला दोन फांद्या, मग उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन खंड. उजवी मुख्य नळी जास्त रुंद आणि जास्त सरळ उतरते. म्हणून लहान मुलाने शेंगदाणा गिळताना ठसका लागला आणि तो श्वासनलिकेत गेला, की बहुतेक वेळा उजवीकडे सापडतो. निओकाका दुजोरा देतील.

नंतर नुसतं फांद्या फुटत जाणं. पाचव्या ते सतराव्या आठवड्यापर्यंत वाहक नळ्यांचं झाड जवळजवळ पुरं होतं. त्या वेळी काप काढला तर तो ग्रंथीसारखा दिसतो, हवेला जागाच नसते. सोळा ते सव्वीस आठवड्यांत टोकं रुंदावतात, रक्तवाहिन्या त्यांना येऊन चिकटतात, भिंत पातळ होते. चोविसाव्याच्या पुढे पातळ भिंतीच्या पिशव्या. खऱ्या वायुकोशांचं काम जन्माच्या थोडं आधी सुरू होतं आणि बाळ शाळेत जायला लागलं तरी चालूच असतं. मोठ्या माणसात सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश मोजले गेलेत.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. या झाडाचा नकाशा कुठेही काढून ठेवलेला नाही. आजूबाजूच्या मऊ ऊतीतल्या काही पेशी एफजीएफ१० नावाचं प्रथिन सोडतात. फांदीचं टोक त्या दिशेने वाढतं. टोक जवळ आलं की ते उलट दुसरा संदेश पाठवतं, सोनिक हेजहॉग त्याचं नाव (हो, तो व्हिडिओ गेमवालाच), आणि समोरचा एफजीएफ१० चा झरा दबतो. मग तो बाजूंना उरतो, टोक दोन्हीकडे ओढलं जातं आणि फांदी फुटते. तेच पुन्हा. ज्या उंदरात हे एक जनुक काढून टाकलं, त्याला श्वासनलिका आली पण फुप्फुसं आलीच नाहीत. पायही नाहीत, कारण हातापायांच्या कळ्याही याच प्रथिनाला ऐकतात. फळमाशीच्या श्वासनळ्या आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या, तरी तिच्यातही त्याच घराण्यातलं प्रथिन फांद्या फोडतं. त्या जनुकाचं नाव शास्त्रज्ञांनी ब्रँचलेस ठेवलं, त्याचा संदेश घेणाऱ्याचं ब्रेथलेस. माशीवाल्यांना नावं ठेवायची हौस भारी.

कोकणकडा, पाण्यात काम काय, तर काम असतं. फुप्फुस स्वतः द्रव पाझरत राहतं, आतून ताणलं जातं, आणि बाळ श्वासाच्या हालचालींचा सराव करतं. भोवतालचं पाणी फार कमी झालं तर फुप्फुसं खुरटतात.

पाणचट

सोनिक हेजहॉग वाचून चहा नाकातून आला. उजव्याच नाकपुडीतून आला का ते बघतो.

खडूफळा

तीस वर्षं जैवरसायन शिकवलं, आता रिटायर्ड. ताईंचा मूळ प्रश्न "कशाला हात लावते" हा आहे, आणि त्याचं उत्तर देता येतं. हात लागतो डीएनएच्या एका खाचेत, तोही अगदी अक्षराला अक्षर.

स्टिरॉइड स्निग्ध स्वभावाचं, त्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतं. पेशीद्रवात त्याची वाट बघत एक प्रथिन असतं, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर. एरवी त्याला दुसरी प्रथिनं धरून ठेवतात. स्टिरॉइड त्याच्या खोबणीत बसलं की ते सुटतं, केंद्रकात जातं आणि जोडीने, म्हणजे दोन रेणू मिळून, डीएनएवर बसतं.

आता पुस्तकातलं चित्र जरा विसरा. त्यात दोन पट्ट्या सारख्या अंतराने पिळलेल्या दाखवतात. खऱ्या रेणूत आधारांच्या (ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरं) जोड्या साखरेला सममितीने जोडलेल्या नसतात, दोन्ही टोकं एकाच बाजूला कललेली असतात. त्यामुळे पिळाच्या बाहेरून दोन खाचा पडतात, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद सुमारे २२ अँगस्ट्रॉम, अरुंद सुमारे १२. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग.) एक पूर्ण वळसा ३४ अँगस्ट्रॉमचा, त्यात दहाएक जोड्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजात मे १९५२ मध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रात हे अंतर फुलीच्या ठिपक्यांतून मोजता येतं. लायनस पॉलिंगसारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने त्याच सुमारास तीन पदरांचं, फॉस्फेट आत असलेलं मॉडेल छापलं होतं. ते खरं असतं तर आधार बाहेरच्या बाजूला असते आणि ऋण भाराचे फॉस्फेट आत एकमेकांना ढकलत बसले असते. 'नेचर'च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकात वॉटसन आणि क्रिक यांचं दुपदरी मॉडेल आलं आणि विषय मिटला. जवळजवळ मिटला म्हणू. १९७६ मध्ये आपल्याकडे बंगळुरूच्या शशिशेखरन यांनी, आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या एका गटाने, दोन पट्ट्या न पिळता शेजारी शेजारी ठेवणारं मॉडेल मांडलं होतं. टिकलं नाही, पण प्रश्न रास्त होता. एवढा लांब पीळ पेशी विभागताना उलगडतो कसा, याचं उत्तर तेव्हा सगळ्यांना पटलेलं नव्हतं.

तर खाचा. प्रथिन डीएनए वाचतं म्हणजे पीळ उघडून बघत नाही. बंद पिळावरच, रुंद खाचेत बोट घालून चाचपतं. तिथे प्रत्येक जोडीची कड वेगळी लागते. कुठे हायड्रोजन देणारा गट, कुठे घेणारा, आणि टी असेल तिथे मिथाइलचा बारीक उंचवटा. ए-टी, टी-ए, जी-सी, सी-जी या चारही जोड्या रुंद खाचेतून ओळखू येतात. अरुंद खाचेतून ए-टी आणि टी-ए सारख्याच लागतात, म्हणून वाचणारी बरीच प्रथिनं रुंद बाजूने येतात.

आपला रिसेप्टर शोधतो ती खूण साधारण अशी: एजीएएसीए, मग कुठलीही तीन अक्षरं, मग टीजीटीटीसीटी. समोरची पट्टी उलट दिशेने वाचा, कागदावर लिहूनच बघा, पुन्हा तेच येतं. म्हणून जोडी लागते. एक रेणू एका सहा अक्षरांवर, दुसरा दुसऱ्या सहांवर, उलट तोंडाने. मधली तीन अक्षरं धरून दोन्ही जागा साधारण एका वळशाच्या अंतरावर येतात, त्यामुळे दोघे पिळाच्या एकाच बाजूला शेजारी बसतात. त्यांचा स्फटिक १९९१ मध्ये पाहिला गेला. प्रथिनाचं एक आखूड सर्पिल खाचेत शिरतं, त्यातलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल जी ला धरतं आणि व्हॅलिन हे दुसरं टी च्या त्या मिथाइलला टेकतं. ताई, "हात लागतो" तो हा.

तिथे बसल्यावर तो इतर प्रथिनांना बोलावतो, शेजारच्या जनुकाची आरएनए प्रत निघायचा वेग बदलतो, ती प्रत रायबोसोमकडे (पेशीतला प्रथिनं जोडणारा कारखाना) जाते आणि प्रथिन तयार होतं. टाइप २ पेशीत यातून सरफॅक्टंटची प्रथिनं वाढतात, स्निग्ध भाग बनवणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. याला तास लागतात. म्हणून इंजेक्शन दिल्या दिल्या गुण नाही, एक दिवस जावा लागतो.

जाता जाता: आरएनएची दुपदरी जोडी झाली तर तिची रुंद खाच खोल आणि चिंचोळी होते, साखरेवरच्या एका जादा ऑक्सिजनमुळे. प्रथिनाचं सर्पिल तिथे नीट शिरत नाही. शिवाय आरएनएत टी ऐवजी यू, म्हणजे मिथाइलचा उंचवटाही गायब.

मेथीआंबा

खडूफळा सर, कागदावर लिहून बघितलं. खरंच तेच येतं! नवऱ्यालाही लिहायला लावलं.

पण मग पुढचा प्रश्न. डीएनए तर सगळ्या पेशींत एकच ना? मग हे इंजेक्शन बाळाच्या यकृतात सरफॅक्टंट का बनवत नाही?

फांदीवाली

कारण तिथे तो भाग गुंडाळून ठेवलेला असतो. पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर. १४७ जोड्यांचा एक एक तुकडा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या आठ रेणूंभोवती पावणेदोन वेढे मारून बसतो. रिसेप्टरची खूण आतल्या बाजूला दबली असेल तर पोचणं अवघड. फुप्फुसात मी वर म्हटलेल्या एनकेएक्स२-१ सारख्या प्रथिनांनी आधीच कुठला भाग मोकळा ठेवायचा ते ठरवलेलं असतं. यकृतात तोच रिसेप्टर वेगळी दारं उघडी बघतो आणि साखर बनवायची विकरं वाढवतो. स्टिरॉइड फक्त "आता" एवढंच सांगतं. काय करायचं ते पेशीने कित्येक आठवडे आधी ठरवलेलं असतं.

खडूफळा सरांच्या लेखनाला एक पुरवणी. सगळं श्रेय टाइप २ पेशींना देऊ नका. हा रिसेप्टर अजिबात नसलेली उंदराची पिल्लं जन्मल्यावर श्वास न घेता येऊन मरतात. मग तो निरनिराळ्या पेशींतून एकेकदा काढून पाहिला गेला. फक्त आवरणपेशींतून (टाइप २ त्यांतल्याच) काढला तर पिल्लं जगली, भोवतालच्या मऊ ऊतीतून काढला तर मेली. म्हणजे स्टिरॉइडचं मोठं काम त्या ऊतीत आहे. तिची दाटी कमी होते, भिंत पातळ होते, हवा आणि रक्त जवळ येतात. "पक्कं" होण्यात हे पातळ होणं येतं. सरफॅक्टंटच्या गोष्टीत हे नेहमी मागे पडतं आणि माझी त्यावर कायमची तक्रार आहे.

एरंडोलकर

वाचलं सगळं. छान लिहिता. पण एवढ्या ठिकाणी हात लावणारं औषध, आणि त्याने नुकसान काहीच नाही?

निओकाका

साहेब, प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आपल्या नागपूरपर्यंत येतं. २०१५ मध्ये सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. भारतात ती बेळगाव आणि नागपूर भागात झाली. गावपातळीवर जास्तीत जास्त बायकांना हे इंजेक्शन मिळावं, असा प्रयत्न होता. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झालेच नाहीत. उलट सगळी बाळं धरली तर हजारी साडेतीन मृत्यू जास्त झाले. दिवस नक्की माहीत नसल्याने पुऱ्या दिवसांच्या कितीतरी जणींनाही इंजेक्शन मिळालं होतं.

मग जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी केली. पाच देश, त्यात भारतही, पण या वेळी फक्त बाळाची सोय असलेली रुग्णालयं आणि सोनोग्राफीने ठरवलेले दिवस. २०२० चा निकाल: नवजात मृत्यू इंजेक्शन न दिलेल्यांत २३.५ टक्के, दिलेल्यांत १९.६. फायदा इतका स्पष्ट की चाचणी मध्येच थांबवली. औषध तेच. दिवस मोजलेले आणि मागे एनआयसीयू, एवढाच फरक. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका असं आम्ही घसा फोडून सांगतो. दर आठवड्याला पुन्हा पुन्हा कोर्सही देत नाहीत, कारण बाळाची वाढ मंदावते. चौतीस आठवड्यांनंतर दिलं तर जन्मल्यावर साखर उतरायचं प्रमाण वाढतं, तेही बघावं लागतं.

फांदीवाली, शेंगदाण्याला दुजोरा. उजवीकडेच सापडतो बहुधा.

कोकणकडा

अवांतर नाही, पण विचारतो. आमच्या ओळखीत पुऱ्या दिवसांचं बाळ श्वासाच्या त्रासाने गेलं. डॉक्टर "जेनेटिक, सरफॅक्टंटचं" म्हणाले होते. असं असतं?

निओकाका

असतं, पण फार दुर्मीळ. वाईट वाटलं वाचून. सरफॅक्टंटच्या बी प्रथिनाचं जनुक दोन्हीकडून बिघडलेलं आलं तर पुऱ्या दिवसांच्या बाळालाही तोच त्रास होतो. १९९३ मध्ये हे पहिल्यांदा कळलं. अशा वेळी स्टिरॉइडचा उपयोग नाही, बाहेरून दिलेलं सरफॅक्टंट तात्पुरतंच. फुप्फुस प्रत्यारोपणाशिवाय उपाय नाही.

खडूफळा

यातला नेहमी सापडणारा बिघाड विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायचो. एका सी च्या जागी जीएए येतं, म्हणजे निव्वळ दोन अक्षरं वाढतात. संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, त्यामुळे तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन अर्धवटच थांबतं. तीन अक्षरं वाढली असती तर एखादं अमिनो आम्ल जास्त लागून कदाचित भागलं असतं.

कोकणकडा, आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. त्या जोडप्याला पुढचं मूल हवं असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाकडे जायला सांगा.

मेथीआंबा

एक शेवटचं. नणंदेच्या मैत्रिणीला बीटामेथासोन दिलं होतं, दोनच इंजेक्शनं. आमच्या हिला डेक्सा, चार. कुणाचं भारी?

निओकाका

दोन्ही रेणू जवळजवळ एकच. सोळाव्या कार्बनवरचा एक मिथाइल गट एकात खाली, दुसऱ्यात वर, बस. दोन्ही निवडायचं कारणही एकच. साधं कॉर्टिसॉल दिलं तर वारेतलं एक विकर ते बाळापर्यंत पोचायच्या आधीच बरंचसं निकामी करतं, ही दोघं त्यातून निसटतात. बीटा १२ मिलिग्रॅम, २४ तासांनी दोनदा. डेक्सा ६ मिलिग्रॅम, १२ तासांनी चारदा. एकूण २४ दोन्हीकडे. आपल्या सरकारच्या २०१४ च्या सूचनांमध्ये डेक्सा आहे, कारण ते स्वस्त आणि सगळीकडे मिळतं. मोठ्या रुग्णालयात पुढे पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम ताईही (गावातल्या सरकारी नर्स) देऊ शकतात. तुमच्या नणंदेला चारही डोस मिळालेत, म्हणजे तिचं काम झालं. पुन्हा कळा आल्या तर डिस्चार्ज कार्ड सोबत घेऊन जा. त्यावर पहिल्या डोसची तारीख आणि वेळ लिहिलेली आहे ना, तेवढं आजच बघून ठेवा.